शैलेंद्र उद्या येणार आहे

धुराचा अलार्म वाजायला लागला तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात अर्धवट भाजलेलं वांगं. आधी स्वयंपाकघरातला वाजला, मग बेडरूममधला, मग दाराजवळचा... मी गॅस बंद केला आणि खिडकीकडे धावले. खिडकीला तीन कड्या होत्या आणि त्यातली एकही फिरेना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आग विझवायचा लाल सिलिंडर छातीशी धरून एक उंच माणूस आत घुसला. भिजलेलं जॅकेट, केसांत लाकडाचा भुसा.

"मॅम, आउट! आउट, प्लीज!"

आणि मग तो थबकला. नाक किंचित वर करून त्याने वास घेतला. नजर हळूहळू चिमट्यावर आली.

"वांग्याचा भरीत?"

मराठी! अमेरिकेत, पॅसिफिकच्या काठावरच्या या कॉटेजमध्ये, मी राहते त्या बेलव्ह्यूपासून तीन तास दूर... आणि डोक्यावर तीन-तीन अलार्म कोकलत असताना मी काय म्हणावं?

"वांग्याचं."

"काय?"

"वांग्याचं भरीत. चा नाही."

तो हसला. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. त्याने एक उचलला, झटकून त्याचा पुन्हा टॉवेल केला आणि अलार्मखाली वारा घालू लागला. एकेक करत तिन्ही अलार्म गप्प झाले. मग फक्त समुद्र ऐकू येऊ लागला.

"मी देवांग. हे कॉटेज मीच सांभाळतो, वरच्या घरात राहतो," तो म्हणाला. "तुम्ही प्रीता ना?"

टेबलावरच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं - हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी, प्रीता अँड शैलेंद्र कुलकर्णी. प्रीता माझी ऑफिसमधली मैत्रीण. दोघांसाठीचं हे कॉटेज तिने लग्नाच्या वाढदिवसासाठी हौसेनं बुक केलं होतं. पण थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिच्या मुलीला ताप भरला आणि तिने मला फोन केला, "उपासना, तू जा यार. तिथे किचन आहे, आपलं आपण करून खायचं. दोन दिवस कुणाशी बोलू नकोस, झोप काढ." म्हणून शुक्रवारी दुपारी मी एकटी, एक वांगं आणि कांद्याच्या पातीची जुडी घेऊन इथे आले होते.

"आणि शैलेंद्र?" देवांगने विचारलं.

मी बाहेर पाहिलं. देवदाराची झाडं, पाऊस, आणि दुसरं घर नजरेच्या टप्प्यात नाही. समोर अनोळखी पुरुष.

"उद्या येणार आहे," मी म्हणाले. "ऑफिसचं काम निघालं त्याचं."

बस. एका वाक्यात माझं लग्न झालं.

*

अलार्म बंद करणाऱ्याला भरीत न देता पाठवणं बरं दिसलं नसतं. तो आत बसला नाही, व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मीही ताट घेऊन बाहेर आले. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून.

"खूप चांगला झाला... झाली?" त्याने भुवया उंचावल्या.

"झालं."

"तुम्हाला कसं कळतं? समुद्र तो, लाट ती, पाणी ते! सगळं एकच ओलं आहे!"

मला हसू आवरेना. "कळत नाही. कानात बसलेलं असतं."

"माझ्या कानात फक्त आई बसली आहे," तो म्हणाला. "इथे अमेरिकेतच, नेपरव्हिलला आम्ही दोघंच. बाबा मी चार वर्षांचा असताना गेले. त्यामुळे मी आईसारखंच बोलायचो - मी येते, मी जेवते. मराठी शाळेत सगळी मुलं इतकी हसली... मग मी मराठी बोलणं बंद केली."

"बंद केलं."

"बघा!"

नेपरव्हिलजवळच, शॉमबर्गमध्ये तो एका इन्शुरन्स कंपनीत होता. मग सगळं सोडून इथे आला, सुतारकाम शिकला. हे स्वयंपाकघर, हा बाक, खिडक्या सगळं त्याने हाताने केलेलं.

"तीन कड्याही तुमच्याच?"

"एक फिटिंग चुकली. मग दुसरी लावली. मग..." त्याने खांदे उडवले. "कुणी आतून पळून जाणार नाही, एवढं नक्की!"

पाऊस थांबल्यावर ओहोटीची वेळ झाली होती. "पाणी मागे गेलं की खडकात स्टारफिश दिसतात, दाखवू?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. हो म्हणायला मला अर्धा सेकंदही लागला नाही, आणि त्याचंच नवल वाटत राहिलं.

खडक शेवाळलेले होते. जांभळा, बोटभर जाड हातांचा तारा एका डबक्यात चिकटून बसला होता. तो बघायला मी वाकले आणि पाय सरकला. देवांगचा हात पुढे आला... आणि हवेतच थांबला. त्याने तो मागे घेतला, खिशात घातला.

"सॉरी," तो म्हणाला. "तिकडून या, तिकडे खडक कोरडी आहे."

कोरडा, असं मी म्हटलं नाही. तो एका लग्न झालेल्या बाईशी जपून वागत होता, आणि ती बाई मी नव्हते.

*

खरं सांगायचं तर त्या दुपारी प्रीता असण्यात एक मजा होती. कुलकर्णी म्हटलं की संपलं, पुढे कुणी काही विचारत नाही. माझं तसं नाही.

मी नागपूरची. इथल्या मराठी मंडळींत नाव सांगितलं की लगेच येतं, "उपासना... पुढे?" पुढे गजभिये म्हटलं की एक छोटासा थांबा येतो. तो फक्त मलाच दिसतो. मग आवाज जरा जास्तच गोड होतो, किंवा विषय बदलतो. ऋषी आणि मी तीन वर्षं एकत्र होतो. त्याच्या आईने व्हिडिओ कॉलवर हसत हसत आडनाव विचारलं, मी सांगितलं. आठ दिवसांनी ऋषी म्हणाला, "आईला थोडा वेळ दे." मी वर्षभर वेळ दिला. मग कळलं की त्याचं पुण्यात ठरलंय. तेव्हापासून मी नुसतीच उपासना होते. कुणाला आडनाव विचारतही नव्हते, कारण विचारलं की उलटा प्रश्न येतोच.

देवांगनेही आडनाव सांगितलं नव्हतं. पण ते माझ्या लक्षात कुठे आलं होतं!

*

शनिवारी सकाळी तो लाकडं घेऊन आला. मी चहा टाकला होता. दोन कप काढून ठेवलेले... आणि ते त्याने पाहिले.

"शैलेंद्र आले?"

"नाही अजून. ट्रॅफिक."

"सकाळी साडेआठला?"

"खूप आहे म्हणे."

"ह्या रस्त्यावर?" तो लाकडं रचू लागला, पाठमोरा. "काल दिवसभरात सहा गाड्या गेल्या. त्यात दोन माझ्या होत्या."

त्याचे खांदे हलत होते. हसत होता तो! मीही हसले, आणि हसता हसता वाटलं, पुरे आता. हा माणूस माझं खोटं इतक्या सभ्यपणे सांभाळतोय आणि मी त्याला अजून एक खोटं देतेय.

"देवांग, शैलेंद्र येणार नाहीये."

तो वळला.

"मी प्रीता नाही. प्रीता माझी मैत्रीण, तिच्या मुलीला ताप आलाय म्हणून तिच्याऐवजी मी आले. मी एकटी आहे, म्हणून घाबरून काल तसं म्हणाले. माझं लग्न झालेलं नाही." श्वास घेतला. इथेच थांबता आलं असतं. पण मला एकदाच, कुणी विचारायच्या आधी, स्वतःहून सांगायचं होतं. "मी उपासना गजभिये. नागपूरची. आम्ही बौद्ध आहोत, बाबासाहेबांना मानणारे. हे लोकांना नंतर कळतं आणि मग... म्हणून आधीच सांगतेय."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

आणि तो थांबा आला.

चांगला लांब आला. देवांगच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. मग त्याने लाकूड खाली ठेवलं, "एक मिनिट... वन मिनिट, ओके?" म्हणाला आणि दार उघडून चालू लागला. खिडकीतून दिसलं, तो टेकडीवर चढत होता, जवळजवळ पळत.

मी चहा सिंकमध्ये ओतला.

रडू आलं नाही. नुसता थकवा आला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी बॅग भरली, गॅस पुसला, उरलेलं भरीत डब्यात घातलं. वीस मिनिटांनी गाडीची डिकी बंद करत होते, तेव्हा वरून हाक आली.

"उपासना! थांब! थांबा!"

तो धापा टाकत खाली आला. पावसाने चिंब, हातात फोन.

"तू... कुठे निघाली?"

"एक मिनिट म्हणाला होतास."

"रेंज नाही खाली! टेकडीवर जावं लागतं. आईला फोन करायचा होता."

"आईला?" माझा आवाज कडू झाला. "विचारायला?"

"हो! शब्द विचारायला!" त्याने तळहात पुढे केला. तळहातावर बॉलपेनने काहीतरी लिहिलं होतं, इंग्रजी लिपीत, आणि पावसाने अर्धं पुसलं होतं. "मला नीट सांगायचं होतं. एकही चूक न करता. यू सेड इट सो... तू इतकं सरळ सांगितलंस आणि मी 'चा'चं 'ची' केलं असतं तर..."

तो तळहाताकडे बघून वाचू लागला, शाळेतल्या मुलासारखा.

"माझं नाव देवांग मेश्राम. माझे आजोबा भंडाऱ्याचे. आम्हीही बौद्ध आहोत. काल पाटीवर कुलकर्णी लिहिताना मी ठरवलं होतं की माझं आडनाव सांगायचं नाही. मला..." त्याने हात डोळ्यांजवळ नेला. "पुसलं. इथे काहीतरी होतं."

"तुझ्या शब्दांत सांग."

"मला लाज वाटली," तो म्हणाला. "आडनावाची नाही. लपवलं त्याची."

मी हसायला लागले. मग रडले. मग दोन्ही एकदम. गाडीला टेकून, पावसात. तो घाबरून बघत होता.

"म्हणजे कालपासून," मी कसंबसं म्हणाले, "आपण दोघंही..."

"दोघं कुलकर्णींना घाबरत होतो! आणि कुलकर्णी घरी बसून मुलीला ताप मोजतायत!"

"मुलीचा ताप."

"मुलीचा."

"आणि मी खरंच कुलकर्णी असते तर?" मी विचारलं. हे विचारायलाच हवं होतं.

"लग्न झालेली असतीस तर लाकडं देऊन गेलो असतो. आणि दिवसभर वाईट वाटलं असतं. नसतीस तर..." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं, "तर आजच सांगितलं असतं. काल तू हसलीस ना, तेव्हाच ठरवत होतो. फक्त तू माझ्याआधी सांगितलंस. माझ्यापेक्षा धीट आहेस."

त्याच्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला. "देवांग? अरे, सांगितलंस का? गेली का ती?"

"आई, होल्डवर आहेस तू!" त्याने फोन कानाला लावला. "म्हटलं होतं ना..."

"इथे रेंज नाही म्हणालास!" मी म्हणाले.

"गाडीपाशी रेंजची एक दांडी येते... कधीकधी!"

"दे माझ्याकडे," फोन म्हणाला. देवांगने लाल होत स्पीकर लावला.

"बेटा, मी पद्मिनी. पोराने वीस मिनिटं डोकं खाल्लं माझं. घाबरवलं का गं तुला? जय भीम."

अमेरिकेत आल्यापासून हे दोन शब्द मी फक्त आईबाबांशी बोलले होते, फोनवर, दार लावून. मी भोवती पाहिलं. धुकं, ओला रस्ता, गर्जणारा समुद्र. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम, काकू!" माझा आवाज मलाच किती दिवसांनी मोकळा ऐकू आला.

"जरा जेवून जा," काकू म्हणाल्या. "त्याला काही येत नाही करायला. मॅगी खातो." आणि दांडी गेली, फोन बंद झाला.

आम्ही दोघं उभे. देवांगने केस मागे सारले, बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बुकिंग रविवारपर्यंत आहे," तो म्हणाला. "नंतरच्या आठवड्यात कुणीच नाही. त्याच्या नंतरच्या वीकेंडलाही नाही. मी... विचारू का?"

"विचार ना."

"येशील?"

त्याचा हात पुन्हा हवेत थांबला होता, कालच्यासारखाच. मी तो धरला. भिजलेला, खरखरीत, उरलीसुरली शाई माझ्या तळव्याला लागली.

"येईन," मी म्हणाले. "पण आधी ही बॅग आत ने. जड आहे."