बेटावरच्या मनोऱ्यातला आवाज

ही घटना खरी आहे. १९४३ सालची, बेंबळीच्या पुढच्या तलावातली. सिद्धम्मानं मरेपर्यंत ती सांगितली, आणि एकदाही त्यातला शब्द बदलला नाही.

रात्र नव्हती. वैशाखातली भरदुपार होती.

तलावाच्या मधोमध खडकाळ बेट. होड्यांना वाट दिसावी म्हणून तिथं जुना दगडी मनोरा, वर दिवा. खाली नदीसुरय पाखरांची शेकडो अंडी. शिकारीला जहागीरदाराची सक्त मनाई. दिवा आणि पाखरं सांभाळायचं काम आधी सिद्धम्माच्या नवऱ्याकडं, शरणबसप्पाकडं होतं.

राखणदार कसला! कुणी बंदूक घेऊन आला की हा हात जोडून बाजूला व्हायचा. सिद्धम्माला त्याची किळस यायची. दोन वर्षांमागं तो तलावात बुडाला, तेव्हाही ती रडली नाही. काम तेवढं तिनं अंगावर घेतलं.

त्या दुपारी जहागीरदाराचा मेहुणा आण्णासाहेब होडीतून उतरला. पोट पुढं, बंदूक त्याच्याही पुढं.

"मनाई हाय, साहेब."

"मला? बाजूला हो, म्हातारे."

"माजा नवरा व्हायचा बाजूला. म्या न्हाय व्हणार."

त्यानं तिला ढकललं. बुटाखाली अंडी फुटली. बार उडाला.

आणि...

एकही पाखरू उडालं नाही.

सगळा कलकलाट एकदम थांबला. शेकडो पाखरं मनोऱ्याकडं बघत होती...

वरून आवाज आला.

"हात लावू नका!"

"कोण आहे रे वर?" आण्णासाहेब चवताळून जिन्यात शिरला. जिना एकच. सिद्धम्मा दारातच उभी. पावलं वर गेली... थांबली...



तो खाली आला तो भिंत धरून. हात रिकामे.

"बाई... वर कुणी नाही हो."

"मग बंदूक कुठं हाय?"

"मागितली..." त्यानं मागं वळून जिन्याकडं पाहिलं. "मी दिली."

तो गेला, तो परत तलावाकडं फिरकला नाही. सिद्धम्मा वर चढली. माणूस नव्हता. बंदूकही नव्हती.

आवाज शरणबसप्पाचाच होता, असं ती शपथेवर सांगायची. "पर जल्मात त्या माणसानं कुणावर आवाज चढवला न्हाय. मेल्यावर एवढी छाती कुठनं आली? का त्याचा आवाज घिऊन दुसरंच कुणी बसलंय?"

दिवा ती रोज लावत राहिली. फक्त जिना चढायच्या आधी खालूनच विचारायची, "येऊ का?"

उत्तर यायचं का...

ते तिनं कधीच सांगितलं नाही.