‘ग्रहपारख’चा हरवलेला अंक

मानवतच्या ‘ग्रहपारख’ त्रैमासिकाचा इतिहास छापायला जायचा होता आणि ऐन वेळी कपाटातून एक जुना अंक गायब झाला. हे त्रैमासिक विज्ञानकथांची चिरफाड करायचं. एका अंकात कथा, पुढच्या अंकात तिची समीक्षा, अशी रीत. गेला तो गावातल्या शिक्षिका राजेश्रीबाईंच्या कथेचा अंक. दुसरी प्रत कुठंच नव्हती. समीक्षेचा अंक मात्र जागेवर होता.

इतिहास लिहिणाऱ्या हरिओमनं परभणीहून खासगी तपासनीस भक्तीला बोलावलं. गाडी चालवायला तिचे सटवाजीमामा आले आणि आल्या आल्या निकाल देऊन मोकळे झाले.

“चोर ती राजेश्रीबाईच! ‘भिंग’ असं टोपणनाव घेतलेल्या समीक्षकानं लय सोलली होती तिला. लिहिणंच सोडलं बिचारीनं.”

हे त्यांनी टपरीवरही सांगितलं. दुपारी ते राजेश्रीबाईंच्या शाळेत पोचलं होतं.

“पोरांसमोर कशी उभी राहू आता?” भक्ती आणि मामा शाळेत गेले तेव्हा बाईंनी विचारलं. मामांना त्यांच्याकडे बघवेना. आपली जीभ हासडून टाकावी असं त्यांना वाटलं.

“कथा काय होती, बाई?” भक्तीनं विचारलं.

“मंगळावरून आई उद्या येणार असते. पोरीला धीर नसतो. ती यंत्राला म्हणते, ‘परवाच्या दिवशी ने.’ माझी प्रत मी तेव्हाच चुलीत घातली. ‘ग्रहपारख’वाल्यांशी पुन्हा बोललेसुद्धा नाही.”

हरिओम म्हणाला, “मी नुसती समीक्षा वाचलीय. पोरगी दोन दिवस मागं जाते, तवा आई मंगळावरच. घोडचूक म्हणलंय भिंगानं.”

म्हातारे संपादक व्यंकटराव खाटेवरून उठले नाहीत. “कथा दुसरेच निवडायचे, ती मी वाचलीच न्हाई. समीक्षेतून कळली तेवढीच. पोरगी दोन दिवस पुढं जाते, तीच ना?”

संध्याकाळी भक्तीनं सगळ्यांना व्यंकटरावांच्याच खोलीत जमवलं.

“बाईंना राग होता समीक्षेचा. त्यांनी समीक्षा चोरली असती. कथा नाहीशी व्हावी असं कुणाला वाटेल? ज्याची चूक कथेमुळं उघडी पडते, त्या भिंगाला. ‘परवा’ म्हणजे मागचाही आणि पुढचाही. भिंगानं मागचा धरला आणि चांगली कथा मोडीत काढली. समीक्षेत पोरगी मागं जाते. व्यंकटराव, न वाचलेल्या कथेत ती पुढं जाते हे तुमाला कुणी सांगितलं?”

व्यंकटरावांनी गादीखालून अंक काढला.

“इतिहासासाठी परत वाचली, तवा कळलं. मीच भिंग. एक पोरगी लिहायची थांबवली मी, माय. शरमेनं चोरला. हरिओम, छाप हे, माझ्या नावानं.”

राजेश्रीबाईंनी तो अंक उचलून आपली कथा उघडली. मग म्हणाल्या, “कथेसकट छापा.”

मामा तडक टपरीवर गेले. “ऐका! राजेश्रीबाईनं काही चोरलं न्हाई. मी खोटं बोललो.”

“ते ऱ्हाऊ द्या, मामा,” टपरीवाल्या भुजंगानं कान टवकारले. “मग चोर कोन हाय?”

मामांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.