सव्वासहाचा चहा

पंप गळतो का हे बघायचं असेल, तर रमिला पावरा त्यात हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवते. बुडबुडे जिथून येतात तिथे भोक. नाशिकच्या त्या कारखान्यात नऊ वर्षं ती हेच करत आली होती. त्यामुळे कार्मिक अधिकारी अनघा राजोपाध्ये यांच्या टेबलावरचं नवं यंत्र पाहून तिला भीती वाटली नाही, उत्सुकताच वाटली.

यंत्राचं नाव ‘जुळारी’. नव्या कायद्याप्रमाणे बढती ठरवण्याआधी ते चालवावंच लागे. हजेरी, काम, वरिष्ठांचे शेरे वाचून ते माणसाचं एक काल्पनिक जुळं तयार करी. काम अगदी तेच, फक्त एखादी गोष्ट वेगळी. कारखान्याच्या आजवरच्या सवयींप्रमाणे त्या जुळ्याला काय मिळालं असतं, तेवढं ते सांगे.

आज चाचणी विभागाचा प्रमुख ठरायचा होता. रमिलाला दोनदा डावललं गेलं होतं. या वेळीही तसंच झालं तर नोकरी सोडायची, असं तिने ठरवलं होतं.

“आपल्याकडे असलं काही निघायचं नाही,” अनघाताई म्हणाल्या. बाई खरंच भल्या होत्या, आणि आपण भले आहोत याची त्यांना जरा जास्तच खात्री होती.

त्यांनी जुळ्याला पुरुष केलं. पगार नऊ टक्क्यांनी चढला. मग बाईच ठेवली, पण बिनमुलाची. सहा टक्के. मग बाई, आई सगळं तसंच ठेवून पावरा हे आदिवासी आडनाव तेवढं बदललं. पाच टक्के.

“तिन्ही एकदम बदला ना,” रमिला म्हणाली.

एकतीस टक्के. शिवाय हे जुळं चार वर्षांपूर्वीच प्रमुख झालं असतं.

“बेरीज वीस व्हायला हवी. यंत्र चुकतंय.”

“नाही मॅडम. दोन भोकं शेजारी असली की मधला भागही तडकतो. कुठे तडकलं, ते दाखवेल का हे?”

यंत्राने दाखवलं. संध्याकाळी चाचणीच्या नोंदीत दोष पकडणारी म्हणून रमिलाचं नाव, आणि दुसऱ्या सकाळच्या अहवालात भलत्याचंच. नऊ वर्षांत एकशे बारा वेळा.

“चहा,” रमिला म्हणाली. सहाला पाळी सुटली की पुरुषमंडळी फाटकाबाहेरच्या टपरीवर जमत, आणि दिवसभरात कोणी काय पकडलं ते चहा पिता पिता ठरे. रमिला तेव्हा पाळणाघराकडे पळत असे.

मग पडद्यावर दोन जुने शेरे शेजारी शेजारी आले. एका कुलकर्णीबाईंचा : ‘बाळंतपणाची रजा. सहा महिन्यांनी रुजू होतील.’ त्याच महिन्यातला रमिलाचा : ‘बाळंतपणाची रजा. तळोद्याला गावी जातील. परततील याची खात्री नाही.’ दोन्हींखाली सही अनघाताईंची.

“मी इथेच होते, सातपूरला,” रमिला शांतपणे म्हणाली. “तुम्ही बघायला आला होतात. पिवळं झबलं आणलं होतंत.”

अनघाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते झबलं त्यांनी स्वतः दुकानात उभं राहून निवडलं होतं. तो शेरा मात्र कधी लिहिला, हे काही केल्या आठवेना. त्यांनी बढतीचा कागद पुढे ओढला, रमिलाचं नाव लिहिलं आणि सही केली.

रमिलाने कागद दोनदा वाचला. तिला आनंद झाला, आणि गेलेल्या चार वर्षांचा रागही आला. “विभागप्रमुखांची बैठक कधी असते?”

“रोजच असते. सव्वा...” अनघाताई थांबल्या. “सव्वासहाला.”

भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते. रमिलाने पिशवी खांद्याला लावली.

“मग बैठकीला मी यायचं मॅडम, की माझ्या जुळ्याने?”