हिरवी ताडणी

मिरजेच्या हृदययंत्र प्रयोगशाळेत टेबलावरचं कृत्रिम हृदय सकाळी दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी थांबलं. धोक्याची घंटासुद्धा वाजली नाही. रेवती सरपोतदारनं नोंद पाहिली: चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं. या हृदयात नवा प्रोग्राम घातल्यावर बरोबर तासाभरानं तोच तिच्या वडिलांच्या छातीतल्या तशाच हृदयात घातला होता. म्हणजे हातात एकच तास होता. अप्पा पलीकडच्या वॉर्डात तपासणीला आले होते आणि बिनसाखरेच्या चहावरून नर्सशी हुज्जत घालत होते.

वसईचे जोसेफ डाबरे अख्ख्या संस्थेत कंपायलरचे जाणकार. त्यांनी पाच मिनिटांत दोष पकडला.

"हृदय मिलिसेकंद मोजतं. मोजणी या मुदतीला कमाल आकड्याला टेकते आणि गाडीच्या मीटरसारखी उलटते. त्यासाठी प्रोग्रामात एक अट होती: एक मिळवून आकडा उलट लहान झाला, तर शून्यापासून मोज."

"होती म्हणजे?"

"प्रोग्रामच्या सी भाषेत आकडा मर्यादा ओलांडणार नाही, असं गृहीत असतं. जुना कंपायलर भोळा. लिहिलंय ते तसंच यंत्राच्या आज्ञांत उतरवायचा. नवा म्हणतो, एक मिळवून आकडा लहान होईलच कसा? अशक्य. मग अट हवी कशाला? उडवली!"

"आणि आपल्या कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"येणार कसं? अठ्ठावीस हजार ओळी आकृतीलेखक यंत्रणेनं आपल्या आकृत्यांवरून आपोआप लिहिल्यात. माणसानं एक ओळ वाचलेली नाही."

जुना प्रोग्राम या हृदयांतल्या नव्या चिपवर चालत नव्हता. मोजणी शून्यावर आणायची, तर हृदय बंद करावं लागलं असतं. उपाय एकच होता. आकडा उलटू शकतो, असं कंपायलरला बजावून प्रोग्राम पुन्हा बांधायचा. जोसेफसरांनी तो बांधला. दोन प्रोग्राम ताडून फरक दाखवणाऱ्या ताडणी-यंत्रणेचा हिरवा कौल मिळाल्याशिवाय शरीरात काही घालायचं नाही, हा संस्थेचा दंडक होता. जुना आणि दुरुस्त प्रोग्राम रेवतीनं संगणकावर शेजारी शेजारी पळवले. पडदा हिरवा झाला. अकरा एकतीसला दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत दुरुस्त प्रोग्राम अप्पांच्या हृदयात उतरला. मोजणी मागच्या पानावरून पुढे चालू राहिली.

जोसेफसर खुर्चीत टेकले. रेवतीचा जीव मात्र थाऱ्यावर येईना.

"सर, पंचवीस दिवसांपूर्वी याच ताडणीनं सदोष प्रोग्रामलाही हिरवा कौल दिला होता."

सर ताठ बसले.

"ताडणीचा प्रोग्राम कुणी लिहिला?"

"आकृतीलेखकानं."

"आणि बांधला कुठल्या कंपायलरनं?"

"नव्याच. सगळंच नवं करायचं ठरलं होतं ना, रेवती." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

आकडा उलटला की फरक दाखव, ही ताडणीतली अटही अशक्य ठरून उडाली होती. हिरव्या कौलाला काडीचा अर्थ नव्हता. आता दुरुस्तीतही काही राहिलं असलं, तर ते सांगणारं कुणीच नव्हतं. ताडणी पुन्हा बांधायला चाळीस मिनिटं हवी होती आणि टेबलावरचं हृदय सुरू करायला अर्धा तास. हातात होती नऊ मिनिटं.

रेवती वॉर्डात धावली. अप्पांच्या पलंगावर बसून तिनं त्यांचं मनगट धरलं.

"काय गं रेवा? हात गार पडलाय तुझा."

"बोलू नका, अप्पा. जरा वेळ बोलू नका."

अकरा सत्तेचाळीस. बोटाखाली एक ठोका. मग इतका वेळ गेला, की तिला वाटलं, संपलं. मग दुसरा ठोका. तिसरा. पन्नासपर्यंत मोजून तिला हुंदका फुटला.

अप्पा गोंधळले. "अगं, तुमच्या त्या पडद्यावर काय आलंय?"

"हिरवं."

"मग रडतेस कशाला?"

"तुम्ही गेला असतात ना अप्पा, तरी तो हिरवाच राहिला असता."