टेकवलेलं ब्लेड

डोझर घरी आला त्या दिवशी लंकाबाईने त्याला ओवाळलं. बावीस वर्षं ज्या यंत्राला शिव्या घातल्या, तेच यंत्र कालवे खात्याच्या लिलावातून विकत घेऊन जो माणूस दारात उभा राहतो, त्याच्यापुढे आणखी काय करायचं, असा तिचा विचार होता. तिच्या नवऱ्याची, गोटीरामची, कालव्यावरची ड्रायव्हरकी मागच्या वर्षी संपली होती. घरात त्याला बसता येत नव्हतं. डोझर लहान होता, बैलगाडीहून थोडा मोठा. पिवळा रंग पोपडे धरून सुटत होता. सीटमधला स्पंज आधीच्या ड्रायव्हरबरोबरच रिटायर झाला असावा. पुढचं माती लोटायचं ब्लेड मात्र जाड, अखंड, आणि घासून आरशासारखं झालेलं.

हे अठ्ठ्याण्णवच्या मार्चमधलं. गिरणाऱ्याच्या अलीकडे त्यांची तीन एकर जमीन होती, घरापासून ओढ्यापर्यंत उतरती. ओढ्याकाठच्या पट्ट्यात झेंडू व्हायचा, तो नाशिकच्या फूलबाजारात जायचा. वरचा उतार पडीकच. तो पावसाआधी सपाट करायचा आणि गुलाब लावायचा, असं गोटीरामने ठरवलं.

लंकाबाईची हरकत एकच होती. त्या उतारात कुठेतरी त्यांची मुलगी होती.

अकरा दिवसांची होऊन गेली, सत्त्याहत्तर साली, बारशाच्या आदल्या दिवशी. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. गोटीराम आणि सासरे घेऊन गेले, तेव्हा लंकाबाई बाळंतिणीच्या खाटेवर होती. सासूने ताकीद दिली, की आईला जागा सांगायची नाही. जागा कळली की ती तिथं जाऊन बसते, आणि मग पुढची कूस धरत नाही. पुढची कूस तशीही धरली नाही. सासरे गेले, सासू गेली. नियम तेवढा घरात राहिला.

"जागा सांगा, मग चालवा," लंकाबाई म्हणाली.

"तिथं ब्लेड चालणार नाय. जबान देतो."

"जबान नको. जागा द्या."

गोटीरामने टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि इंजिन चालू करायला गेला. त्याचं बोलणं असंच संपायचं.

मग लंकाबाईने झेंडू तोडायला बाया लावल्या आणि स्वतः रोज ब्लेडच्या बाजूने चालू लागली. माती उलटायची, ती बघायची. मुळं, खापऱ्या, विंचू, एकदा बैलाचा नाल. प्रत्येक ढेकूळ डोळ्यांखालून घातल्याशिवाय ती पुढे सरायची नाही. शेजारच्या भिमाबाईने बांधावरून विचारलं, "काय गं, मशीनची वाट झाडायला ठेवलंय का तुला?" लंकाबाईने सांगितलं, नवऱ्याला कमी दिसतं. गोटीरामने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून डोझर हळू चालवायला लागला.

संध्याकाळी तो डोझर वरच्या कोपऱ्यात, बोरीजवळ नेऊन लावायचा. रोज तिथंच, वीतभरसुद्धा इकडेतिकडे नाही. इंजिन बंद करायचा आणि ब्लेड जमिनीला टेकवायचा. उभ्या मशीनचं ब्लेड अधांतरी ठेवायचं नाही, हा कालव्यावरचा नियम. त्या नियमापायी एकाचा पाय गेलेला त्याने पाहिला होता.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी ब्लेड चार बोटं वर होतं.

गोटीरामने संध्याकाळी ते पुन्हा टेकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं. नाशिकच्या द्वारका चौकातला मिस्त्री आला. त्याने नळ्या तपासल्या, बोटाला ऑइल लावून वास घेतला. तेल गळत असलं तर ब्लेड आपोआप खाली येईल काका, म्हणाला, वर कसं जाईल? इंजिन बंद, पंप बंद. तुम्हीच टेकवायचं विसरला असाल. गोटीराम घाबरला नाही, पण हा अपमान त्याला लागला. त्या संध्याकाळी त्याने लंकाबाईला बोलावून, तिच्यासमोर ब्लेड टेकवलं.

सकाळी ते वीतभर वर होतं.

मग लंकाबाई मोजायला लागली. गोटीराम चहा घेत असताना ती बोरीकडे जायची आणि ब्लेडखाली हात घालायची. वीत. आठवड्याने हातभर. बाकीच्या रानात पाऊल ठेवलं की फुफाटा उडायचा. ब्लेडखालची माती मात्र सारवल्यासारखी गुळगुळीत होती. तिने तळवा टेकवला. वरचं लोखंड गार होतं. माती कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

सगळा उतार त्याने उलटापालटा केला होता. या एका जागी ब्लेड कधी चाललं नव्हतं, फक्त टेकलं होतं. कोल्ह्या-कुत्र्याने उकरू नये म्हणून पुरलेल्यावर दगड ठेवतात, तसं.

एकवीस वर्षं मागितलेली जागा तिला अशी मिळाली. तिने गोटीरामला काही सांगितलं नाही. त्यानेही काही विचारलं नाही. ती रोज थोडा वेळ तिथं बसू लागली.

मे संपत आला. रान सपाट झालं, गुलाबाचे खड्डे घ्यायचे राहिले. ब्लेड आता सकाळी मांडीपर्यंत वर असायचं. त्या मशीनचं ब्लेड त्याहून वर जातच नाही.

शेवटच्या दिवशी गोटीरामची कंबर धरली होती. कसाबसा डोझर बोरीजवळ आणून, इंजिन बंद करून तो ओट्यावर येऊन बसला. ब्लेड वरच राहिलं होतं. टेकवायचं लंकाबाईला त्यानेच शिकवलं होतं, लिव्हर पुढे ढकलायची एवढंच. ती चाकांवरच्या लोखंडी चेनवर पाय देऊन वर चढली. लिव्हरला हात घातला.

"राहू दे," ओट्यावरून गोटीराम म्हणाला. तो इकडे बघत नव्हता. बुटाची गाठ सोडत होता.

"नियम हाय ना तुमचा?"

"राहू दे वर. डोक्याला लागंल."

लंकाबाईचा हात लिव्हरवरच राहिला. "कुणाच्या?"

गाठ सुटली होती. तरी तो नाडीशीच खेळत राहिला.

ती खाली उतरली. ब्लेड वर राहिलं.

सकाळी गोटीराम पहिल्या गाडीने झेंडू घेऊन बाजारात गेला. लंकाबाईने घराला बाहेरून कडी घातली आणि बोरीकडे गेली.

ब्लेड खाली होतं.

जमिनीला नीट टेकलेलं. बोटसुद्धा जाणार नाही असं. आपण बाहेर पडल्यावर मागे दार ओढून घ्यावं, तसं.

तिने कडेच्या मातीला हात लावला. गार होती.

हाक मारावी असं वाटलं. पण नाव ठेवलेलं नव्हतं.

तिने हात पदराला पुसला. मग घराकडे वळली. ओट्याजवळ येऊन थांबली.

कडी लोंबत होती. दार चार बोटं उघडं होतं.