एका वेळी एकच पट्टी

चष्म्याच्या दुकानात सकाळपासून कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. समोरच्या मोठ्या चर्चमधून एक सूर येत होता. एकच! पूंऽऽऽ करून सुरू झालेला तो सूर थांबायचं नावच घेईना. एका आजोबांना तर आपलेच कान वाजतायत असं वाटलं, आणि डोळे तपासायचे सोडून ते कानाचा डॉक्टर जवळपास कुठं मिळेल याची चौकशी करू लागले.

शेवटी मालकीणबाईंनी हात टेकले. "छकुली, तू जा बाई. त्यांना म्हणावं, वाजवायचं तर पूर्ण वाजवा, नाहीतर बंद तरी करा!"

छकुली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण डोळे तपासण्याची पदवी घेतलेल्या या मुलीला तिचे बाबा चारचौघांत अशीच हाक मारत, म्हणून दुकानानंही तेच नाव उचललं होतं. रस्ता काही मोठा रुंद नव्हता. तरी तो ओलांडताना ती दोनदा थबकली, कारण त्या चर्चची पायरी ती आजवर कधी चढली नव्हती.

तिची मंडळी वेगळी. मागच्या गल्लीतल्या साध्या खोलीत उपासनेला भरणारी, लहानशी आणि वाद्याला हात न लावणारी. देवानं माणसाला गळा दिलाय, त्याच्या स्तुतीला तेवढा पुरे, असं तिथं मानत. गीताचा पहिला सूर एकानं उभं राहून द्यायचा आणि बाकीच्यांनी तो उचलायचा. ते काम पूर्वी आईचं होतं. आई गेल्यावर ते छकुलीकडे आलं. आणि बाबा त्या मंडळीचे प्रमुख. नियम कुणी मोडला तर जाब विचारणारे तेच.

चर्चच्या आत गारवा होता आणि लाकडाचा वास. समोर भिंतभर ऑर्गन, लहानमोठ्या नळ्यांचं जंगलच. खाली वाजवायच्या पट्ट्या, आणि त्यातल्या एका पट्टीवर शिशाचा ठोकळा ठेवलेला. माणूस मात्र कुठंच नाही.

"अहो… कुणी आहे का?"

"आलात? बरं झालं!" नळ्यांच्या पोटातून आवाज आला. "तो ठोकळा काढा आणि पुढची धरा."

"अहो, मी…"

"पुढची! उजवीकडची. हलक्या हातानं."

आता इतक्या हक्कानं कुणी सांगितलं की माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. तिनं ठोकळा उचलला आणि उजवीकडची पट्टी दाबली. सूर निघाला, पण तो नीट उभा राहीना, हेलकावे खाऊ लागला. आत ठकठक झाली. हेलकावे मंदावत मंदावत थांबले.

"झालं. पुढची."

"नाही झालं," तिच्या तोंडून निघून गेलं. "अजून किंचित उतरलाय."

आतली ठकठक थांबली. थोड्या वेळानं एका फटीतून धुळीनं माखलेलं डोकं बाहेर आलं. केसांत कोळिष्टकं, गालावर काळा पट्टा, आणि त्या सगळ्या अवतारात भलतेच स्वच्छ दोन डोळे. ते बारीक करून तो तिच्याकडे बघू लागला.

"तुम्ही इथल्या सेवकबाई नाही."

"नाही. मी समोरच्या दुकानातली. तक्रार करायला आले होते."

"मग करा ना."

तक्रार कुठं गेली होती देव जाणे. "आमच्यात वाद्य चालत नाही," ती म्हणाली, आणि लगेच वाटलं, हे मी याला का सांगतेय?

"मग आत्ता काय केलंत?"

"दाबलं. वाजवलं नाही."

"असं होय!" तो गालातल्या गालात हसला. "एक पट्टी म्हणजे दाबणं. मग वाजवणं कितीपासून सुरू होतं?"

"दोनपासून," ती ठामपणे म्हणाली. असा नियम मंडळीत कुणीच केलेला नव्हता. तो तिनं तिथल्या तिथं केला.

ऑर्गनवाला नळ्या जुळवायला परगावाहून आला होता. पट्ट्या धरणारा त्याचा चुलतभाऊ पाय मोडून घरी बसला होता, म्हणून हा बिचारा एक पट्टी दाबून ठोकळा ठेवायचा, नळ्यांत शिरायचा, बाहेर यायचा, पुन्हा ठोकळा हलवायचा. असं करत गेला असता तर म्हातारा झाला असता. त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं, "जेवणाच्या सुट्टीत याल का? फक्त धरायला. एका वेळी एकच पट्टी. तुमचा नियम मोडायचा नाही, वचन देतो."

मालकीणबाईंना एवढंच कळलं की छकुली गेली की तो भोंगा निदान चढत-उतरत वाजतो. त्या खूश होत्या.

ती जाऊ लागली. तो आत, ती बाहेर, मध्ये नळ्यांची भिंत. चेहरा दिसत नसला की माणसं जरा मोकळं बोलतात.

"तुमच्या मंडळीत आणखी काय काय चालत नाही?"

"पुष्कळ. पुढची धरू?"

"धरा. हसणं चालतं का?"

"कशावर, त्यावर आहे."

"ऑर्गनवाल्यावर?"

"तुम्ही नळीकडे लक्ष द्या. वर चढतेय."

"नळीच ना?"

तिनं पट्टी आणखी घट्ट धरली. पण आतून हसल्याचा आवाज आला आणि तिचे कान तापले. बरं झालं मध्ये भिंत होती ते.

एकदा तोच दुकानात आला. डोळे बारीक करून बघण्याची त्याची खोड तिनं पहिल्याच दिवशी टिपली होती. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि भिंगं बदलू लागली. आता आवाज तिचा आणि आज्ञाही तिची.

"हे बरं… की हे?"

"पुन्हा दाखवा."

"हे… की हे?"

"दोन्हींत तुम्हीच दिसताय."

"समोरची अक्षरं वाचायचीत!"

"अक्षरांच्या मधे तुम्ही येताय, त्याला मी काय करू?"

कपाटामागे मालकीणबाईंना एकाएकी खोकल्याची उबळ आली. छकुलीच्या हातातलं भिंग निसटता निसटता राहिलं.

घरी मात्र डबा तसाच भरलेला परत जाऊ लागला. आत्याच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही. "बापाच्या हातची भाजी आवडेनाशी झाली की काय?" तिनं विचारलं. बाबांनीही मान वर केली. छकुली पटकन म्हणाली, "दुकानात गर्दी असते, बाबा. खायला वेळच होत नाही." बाबांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी करून दिलं. तो डबा उघडला तेव्हा तिला एक घास गिळवेना.

मग एके दुपारी ऑर्गनवाला नळ्यांतून बाहेर आला तो हात पुसतच. "एकेक सूर लागला. आता ते एकमेकांशी कसे बोलतात ते बघायचं. तीन पट्ट्या एकदम धराव्या लागतील." तो थांबला. "मी धरतो. तुम्ही नुसत्या ऐका. तुमचा नियम…"

"तुम्ही आत जा," ती म्हणाली. "मी धरते."

"नक्की?"

तिनं तीन बोटं ठेवली आणि दाबली.

त्या वेळी काय झालं ते तिला पुढं कुणालाच नीट सांगता आलं नाही. सूर नळ्यांतून निघाला, तो पायाखालच्या लाकडातून तिच्या अंगात चढला. खिडकीतलं ऊनसुद्धा थरथरतंय असं वाटलं. आई आठवली. लहानपणी आईच्या कुशीत डोकं ठेवून गीत ऐकताना आईची छाती अशीच घुमायची. डोळे घळाघळा वाहू लागले आणि ओठ आपोआप हलले… देवा, तुझे आभार. देवा, तुझे किती आभार!

तो बाहेर आला. तिला रडताना पाहून काही विचारलं नाही, चेष्टा केली नाही. नुसता शेजारी उभा राहिला, आणि तिच्या हाताशेजारी त्यानं आपला धुळकट हात ठेवला. हाताला हात लागला नाही. तरी तिच्या अंगावर काटा आला.

ती उठली ती जवळजवळ पळतच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. समोरचा ऑर्गनही गप्पच होता, आणि ते गप्प राहणं त्या पहिल्या दिवसाच्या भोंग्याहून जास्त छळत होतं.

खरी भीती वेगळीच होती. रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरी वाटून घ्यायची. त्याआधी ज्याच्या मनाला काही टोचत असेल त्यानं उभं राहून ते सर्वांसमोर सांगायचं, ही मंडळीची रीत. मनात ठेवून भाकरी घ्यायची नाही. आणि सांगून पश्चात्ताप नसेल, तर भाकरी न घेता ताट पुढं जाऊ द्यायचं. बाबांच्या हातून आलेली भाकरी तिनं आजवर एकदाही चुकवली नव्हती. आईच्या मागे त्या दोघांना धरून ठेवणारं तेच होतं. आठवडाभर तिनं क्षमेचे शब्द जुळवले. जुळायचे, आणि पुन्हा हेलकावे खायचे.

रविवारी बाहेर रिमझिम होती. सगळे ओल्या छत्र्या कोपऱ्यात ठेवून बसले. छकुली सूर द्यायला उभी राहिली आणि तिचं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. ऑर्गनवाला! केस विंचरलेले, नवा चष्मा, हात इतके घासलेले की लाल झालेले. मंडळीनं सवयीनं श्वास घेतला, सूर उचलायला तयार. पण सूर आलाच नाही.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली.

सगळ्यांनी घेतलेला श्वास हळूच सोडला.

"मी बाबांशी खोटं बोलले. गर्दी असते म्हणाले, गर्दी नव्हती. ते पाप आहे. मी बाबांची आणि देवाची क्षमा मागते." "खरं म्हणजे मी समोरच्या चर्चमध्ये जात होते. ऑर्गनच्या पट्ट्या धरायला. आधी एकेक… मग तीन एकदम."

कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. बहुधा आत्याच.

"त्याचीही क्षमा मागायला आले होते. पण मी त्या पट्ट्या धरल्या तेव्हा माझ्या तोंडून देवाचे आभारच निघाले. मनापासून. ज्याबद्दल आभार मानले, त्याचीच क्षमा कशी मागू? ते खोटं होईल, बाबा. आणि खोटं तर मी आत्ताच सोडलं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग रीतीप्रमाणे विचारायचं ते विचारलं, "आणखी काही?"

तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तो पुढं झुकून ऐकत होता, श्वास रोखून.

"हो. त्या ऑर्गनवाल्यावर माझं प्रेम आहे. तेसुद्धा आभारातच धरलंय."

या वेळी 'अरे देवा' नक्कीच आत्याचं होतं.

बाबांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "वाद्य नको, हा आपला नियम. तो आपण मिळून केलाय आणि तू मोडलास. पुढचा महिनाभर तू सूर द्यायचा नाहीस."

"हो, बाबा."

"खोटं बोललीस, त्याची क्षमा मी केली. देवानं माझ्याआधीच केली असेल." ते थांबले. "आता उरलेली गोष्ट. तू जे बोललीस ते ऐकून मला तुझी आई आठवली, पोरी. ज्याबद्दल माझी लेक देवाचे आभार मानते, त्याला पाप म्हणायचं मला जमणार नाही. कुणाला जमत असेल तर त्यानं उठून म्हणावं."

कुणीच उठलं नाही. बाहेरची रिमझिम तेवढी ऐकू येत होती.

सूर मग आत्यानं दिला. तो इतका उंच लागला की दुसऱ्या कडव्यापर्यंत पुरुषमंडळींच्या नाकी नऊ आले. छकुली सगळ्यांबरोबर खालच्या मानेनं म्हणत राहिली. मागून एक अनोळखी आवाज वाट चुकत चुकत साथ देत होता.

मग भाकरी आली. बाबा ताट घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. तिचे हात मांडीवरच होते, उचलायचा धीर होईना. बाबांनी तिचा हात स्वतः उचलला, तुकडा तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं मिटली. ती रडली, आणि या वेळी आपण का रडतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतकं मिळावं असं आपण काय केलं होतं?

उपासना संपली तेव्हा तो बाहेर वळचणीखाली उभा होता. बाबा आधी त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "जेवायला या. लग्न कुठल्या छपराखाली, ते जेवल्यावर बोलू," म्हणाले, आणि आत्याचं कोपर धरून पुढं निघाले. आत्याला थांबायचं होतं, पण तिचं काही चाललं नाही.

दोघंच राहिले.

"हे काही बरोबर नाही," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्या मंडळीसमोर बोलून मोकळ्या झालात. माझं कुणी ऐकलंच नाही."

"तुम्ही सांगितलंच नाहीत."

"मला सर्वांसमोर उभं राहता येत नाही. नळ्यांत शिरून बोलायची सवय." त्यानं चष्मा सारखा केला, पुन्हा सारखा केला. "सकाळपासून ठरवून आलो होतो, काय काय बोलायचं ते. आता एकच वाक्य उरलंय… माझं तुझ्यावर प्रेम आहे. फार. मी तुझ्या पट्ट्या… म्हणजे तू माझ्या… जाऊ दे. प्रेम आहे."

छकुलीनं डोळे पुसले, आणि आयुष्यभर जे ती पन्नास जणांबरोबर म्हणत आली होती, ते पहिल्यांदा एकटीनं म्हणाली.

"आमेन."

"म्हणजे?" तो गडबडला.

"तुमच्या चर्चमध्ये शिकवलं नाही का रे?" ती म्हणाली. "म्हणजे, तसंच होवो."