काळी पाच

माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारातून आधी एक क्लॅरिनेट आत आलं आणि मग ते धरणारा पंकज.

"मॅडम, वाजवतंय कोण?"

"हा!" मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

कोल्हारच्या स्टँडसमोर माझा क्लास, आणि त्याची एसटी चुकलेली. साल अठ्ठ्याण्णव. मी बावीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं येतं याची मला पक्की खात्री! पुण्याच्या चुलतभावानं दिलेल्या फ्लॉपीवर एक अजब प्रोग्रॅम होता. सुरांची अक्षरं टाइप करायची, की कॉम्प्युटर ती वाजवून दाखवायचा, आणि छापताना ती इंग्रजी स्वरलिपीच्या पाच रेघांवर जाऊन बसायची. गाणं एकदाच लिहायचं. क्लॅरिनेटचं पान वेगळं निघायचं, त्या पितळी, तुतारीसारख्या कॉर्नेटचं वेगळं.

"लई भारी हाय हे," तो म्हणाला. बघत मात्र माझ्याकडेच होता.

त्याचे सहादूमामा सोनईचे बँडमास्तर. लष्करी बँडात नोकरी केलेले, पोरांनाही त्यांनी पाच रेघा वाचायला शिकवलं होतं. आता डोळे साथ देत नव्हते, आणि जयंतीच्या मिरवणुकीचं नवं गाणं प्रत्येक वाद्यासाठी हातानं उतरवायचं होतं.

"आणा इकडं, मी छापून देते," मी म्हटलं.

मग काय! पंकजच्या खेपा सुरू झाल्या. तो गुणगुणायचा, मी टाइप करायचे. एखादा कंस राहिला की सगळं गाणं अडायचं, आणि त्याला त्याचा फार आनंद व्हायचा.

"ते गाणं जयंतीला तुमीच गाणार म्हनं? पट्टी कुठली?"

"पेटीवरची पांढरी पाच. शाळेपासून. कुणासाठी बदलत नाही."

"कुनासाठीच न्हाई?"

"चहा गार होतोय तुमचा..."

पानं घेऊन मी तालमीला सोनईला गेले. मामा पेटीवर बसले, बँड सुरू झाला आणि — आई गं! पेटी एकीकडं, क्लॅरिनेट-कॉर्नेट भलतीकडंच. पोरं हसायला लागली.

मामांनी पानं खाली ठेवली. "ऱ्हाऊ दे पोरी. मी हातानंच लिहितो."

म्हणजे पंकजचं कोल्हारला येणं बंद. मी पानं उचलून पुन्हा मामांसमोर धरली. चूक झाली म्हणून नाही हो, तो आता दिसणार नाही म्हणून.

"मामा, चुकलं काय ते तरी सांगा!"

"क्लॅरिनेटच्या कागदावर पांढरी एक लिहिली, की वाजती काळी पाच. म्हनून त्याचं पान एक सूर चढवून लिवायचं. कॉर्नेटचंबी तसंच. पन हे तर पंक्याला ठाऊक हाय की!"

मी वळून पाहिलं. पंकज क्लॅरिनेट पुसत होता. तेही चकचकीत असलेलं.

"एका ओळीचं काम आहे, मामा," मी ठणकावून सांगितलं. "ती टाकली की सगळं पान आपोआप वर सरकतं. परवा आणते."

स्टँडपर्यंत सोडायला तोच आला. मी रस्त्यातच थांबले. "माहीत असून गप्प बसलास?"

"पानं बरोबर निघाली असती, तर... पुन्हा यायला निमित्त काय हुतं?"

"आणि माझी फजिती झाली ती?"

"चुकलंच माझं." मग त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. "प्रज्ञा, मला तू आवडतीस. गाणं ऱ्हाऊ दे, मला नुसतंच यायचं हाय."

"हे आधी नाही का सांगायचं, शहाण्या?" राग आला होता, खरंच आला होता. पण हसू त्याच्याही आधी आलं. एसटी आली, गेली. मी तिथंच उभी.

तिसऱ्या दिवशी नवी पानं घेऊन गेले. बँड असा एकजीव वाजला की मामांनी पेटी थांबवून नुसतं ऐकलं.

"जमलं गं पोरी! फक्त पांढरी पाच पोरांच्या बोटांना जरा अवघड जाती. वाजवतील तशी. का दुसऱ्या कुठल्या पट्टीत गाशील?"

पंकजनं मान खाली घातली. माझं उत्तर त्याला पाठ होतं.

"काळी पाच," मी म्हणाले.

त्यानं झटकन वर पाहिलं.

"अगं, मग सगळी पानं परत काढावी लागतील," मामा म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "पंकजला उद्या कोल्हारला पाठवा."